बुगुन लायोसिक्लासाठी लामा कॅम्पवर तीन सकाळी

अरुणाचलात शिरण्यासाठी लागणाऱ्या इनर लाइन परमिटच्या अर्जात माझ्याच हातून ओळखपत्राचा एक आकडा चुकला, त्यामुळे एक दिवस तेजपूरमध्येच गेला. दुसऱ्या दिवशी भालुकपोंगचा नाका ओलांडून टेंगामार्गे, साधारण २,३५० मीटर उंचीवरच्या लामा कॅम्पवर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता.

ईगलनेस्ट अभयारण्यालगतच्या या डोंगरउतारांवर रमणा अत्रेय यांना १९९५ मध्ये बुगुन लायोसिक्ला हा पक्षी प्रथम ओझरता दिसला आणि २००६ मध्ये नवीन जाती म्हणून त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अत्रेय हे मुळात पुण्यातले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, याचे मला पुणेकर म्हणून उगाचच अप्रूप आहे. पक्षी इतके थोडे होते, की नमुन्यादाखल एकही न मारता त्यांनी जाळ्यात धरलेल्या पक्ष्याची पिसे आणि छायाचित्रे यांवरच काम भागवले आणि तेथील बुगुन समाजाचे नाव त्याला दिले.

पहिल्या दोन सकाळी मी उंच, शेवाळलेल्या झाडांकडे माना मोडून पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी बरोबरचा बुगुन तरुण शांतपणे म्हणाला, "सर, खाली बघा." पूर्वी तोड झालेल्या आणि आता झुडपे व खुरटी झाडे माजलेल्या ज्या उताराला मी बिनमहत्त्वाचा समजून ओलांडत होतो, तेच या पक्ष्याचे घर होते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावण्यास त्या तरुणाने ठाम नकार दिला, म्हणून आम्ही धुक्यात नुसते उभे राहिलो.

सातच्या सुमारास बासरीसारखी, उतरत्या सुरांची शीळ आली आणि पाठोपाठ इतर पक्ष्यांच्या मिश्र थव्यातून लायोसिक्लाची एक जोडी झुडपाच्या कडेला आली. आकाराने बुलबुलाएवढा, अंग राखाडी झाक असलेले हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगी-पिवळा ठिपका. त्याने पंख किंचित पसरले तेव्हा पिवळे, लाल आणि पांढरे पट्टे एकदम उघडले, आणि वळताना काळ्या शेपटीचे लाल टोक दिसले. कॅमेऱ्याच्या भिंगावर साचलेले धुके मी पुसेपर्यंत जोडी उताराखाली निघून गेली होती. छायाचित्र नाहीच, वहीत मात्र त्या पंखाचे वेडेवाकडे चित्र आहे आणि त्यात लाल पट्टा मी चुकीच्या जागी काढला आहे.