बॉक्सरने वेट मारावं का? माझा एका सीझनचा अनुभव

आमच्या बॉक्सिंग हॉलमध्ये एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: जिमची पायरी चढायची नाही. "वेट मारलं की हात जड होतात, अंग बांधलं जातं," हे सरांचं ठरलेलं वाक्य. गंमत म्हणजे हेच सर आम्हाला ट्रकच्या टायरवर घण मारायला लावायचे आणि हातात किलो-किलोचे डंबेल देऊन शॅडो, म्हणजे हवेत पंच मारायचा सराव, करून घ्यायचे. स्वतः तालमीत वाढलेले, त्यामुळे जोर-बैठकांना तर मोजमापच नसायचं. म्हणजे वजन चालत होतं, फक्त ते जिममधलं नको होतं.

मी ५४ किलो वजनगटात खेळते. मागच्या सीझनच्या निवड चाचणीत ज्या मुलीशी हरले, तिचे हात माझ्यापेक्षा जलद नव्हते. पण जवळ आलो की ती मला खांद्याने सरळ मागे रेटायची. तिसऱ्या राउंडमध्ये मी पाठीला दोर लावूनच उभी होते. सरांचं निदान एकच, पाय कमी पडतात, पळणं वाढव. मी वाढवलं. दम वाढला आणि नडग्या दुखायला लागल्या. रेटारेटीत फरक शून्य.

मग कॉलेजच्या एका मैत्रिणीने तिच्या कंडिशनिंगच्या, म्हणजे ताकद-दमाची तयारी करून घेणाऱ्या, मॅडमकडे नेलं. मॅडम मूळच्या वेटलिफ्टर. मी पहिल्याच भेटीत विचारलं, "वजन वाढून मी वरच्या ५७ किलो गटात गेले तर?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर कितीत खेळला?" २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, स्नॅचमध्ये (बार एका झटक्यात डोक्यावर) ११३ किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५. जवळजवळ माझ्याच वजनाचा माणूस स्वतःच्या दुपटीहून जास्त वजन डोक्यावर नेत होता आणि तरी ५५ मध्येच होता. ताकद आणि आकार हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. थोड्या रेप्सचे, म्हणजे एका दमात थोड्याच वेळा उचलायचे, जड सेट मारले तर शरीर मुख्यतः आहे तेच स्नायू जास्त जोरात आणि एकदम कामाला लावायला शिकतं. आकार वाढवायचा तर सेट खूप लागतात आणि वर खाणंही वाढवावं लागतं.

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण "कर. मग मीच दाखवतो तुला," एवढंच म्हणाले.

आणि पहिले काही आठवडे त्यांनी खरंच दाखवलं. स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून यायच्या की स्लिप मारून (पंच चुकवायला वाकून) परत वर येता यायचं नाही. पुलअप्सनंतर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, जायचा, पण परत हनुवटीशी यायला उशीर करायचा. स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) एका ज्युनिअर मुलीने मला तोच क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, तीनदा मारला. सर पॅड धरताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "जड झाले हात, बघा रे!"

इथेच बहुतेक पोरं जिम सोडतात, आणि "वेटने बॉक्सर मंद होतो" या समजुतीत आणखी एकाची भर पडते. सरांनी तीस वर्षांत जे पाहिलं ते खोटं नव्हतं. त्यांच्याकडे येणारी मुलं गल्लीतल्या जिममध्ये सोमवारी चेस्ट मारायची, चार प्रकारचे, दमून पडेपर्यंत, आणि मंगळवारी स्पारिंगला यायची. आदल्या दिवशी फाटलेल्या छातीने कोणाचा हात सुटेल? त्यांनी थकवा पाहिला आणि नाव वजनांचं घेतलं, असं माझं मत आहे. सरांना ते अजून पटलेलं नाही.

मॅडमनी व्यायाम फारसे बदलले नाहीत, त्यांची जागा बदलली. आधी मी रिकामा दिवस बघून जिमला जायचे, म्हणजे अंगाला सुट्टी अशी मिळतच नव्हती. आता आठवड्यातून दोनदाच, आणि तेही ज्या दिवशी बॉक्सिंग जोरात असेल त्याच दिवशी संध्याकाळी. आधी ग्लोव्ह्ज, मग बार. स्पारिंगच्या आदल्या दिवशी बारला हात लावायचा नाही. सेटमध्ये तीन ते पाच रेप्स, आणखी दोन निघतील असं वाटत असतानाच बार खाली. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं नुसतं बसायचं. हे बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिटाची विश्रांती रक्तात भिनलेली असते, घाम आला नाही तर काही केल्यासारखंच वाटत नाही. जिमचा ट्रेनरही येऊन विचारून गेला, "ताई, एवढंच? आर्म्स नाही मारणार?"

यादी छोटीच होती: स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, एका पायावरचं काहीतरी, रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), पुलअप्स, मानेचे व्यायाम आणि शेवटी मेडिसिन बॉल भिंतीवर फेकणं. रोइंगवर भर का, तर बॉक्सर वर्षानुवर्षं खांदे पुढे काढून उभा असतो आणि हात फेकत असतो, मागे ओढण्याचं काम त्या मानाने फार कमी होतं. माझा उजवा खांदा हूक मारताना टोचायचा, तो रोइंग सुरू केल्यावर हळूहळू शांत झाला. डंबेल घेऊन शॅडो करणं मॅडमनी बंद करायला सांगितलं. कारण साधं आहे: पंच समोर जातो आणि डंबेलचं वजन खाली ओढतं. त्यात खांदा हात वर धरून ठेवायला शिकतो, मारायला शिकत नाही. सरांचा मान म्हणून मी हॉलमध्ये अजून डंबेल उचलते, पण सगळ्यात हलके.

बॉल फेकण्यात मात्र मला खरा मुद्दा सापडला. बाजूने उभं राहून, मागच्या पायाने जमीन ढकलून, कंबर फिरवून बॉल भिंतीवर आपटायचा. सुरुवातीला मी तो हातानेच फेकत होते. मॅडमनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात कसलेल्या बॉक्सरच्या सरळ पंचात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला होता, नवख्यांच्या पंचात १६-१७ टक्के. नवख्यांचा जोर मुख्यतः धडातून आणि हातातून येत होता. "पाय मजबूत कर" असं सर म्हणत होतेच. पळून पाय दमदार होतात, पण जमिनीला एकदम धक्का द्यायची ताकद स्क्वॉटने येते. बॉल नीट फेकता यायला लागला तसा बॅगवर माझ्या क्रॉसचा आवाज बदलला. आधी चापटीसारखा यायचा, आता आतून धप्प येतो.

हाताचा वेग वाढला का? मला नाही वाटत. पण कमीही झाला नाही, आणि तिसऱ्या राउंडला गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) खाली यायचा तो आता बराच वर राहतो. पंच लागण्याच्या क्षणी मूठ, खांदा आणि पोट एकदम आवळायचं आणि लगेच सोडायचं, यातलं सोडणं जिममध्ये शिकता येत नाही. ते पॅडवरच शिकावं लागतं. पॅडची वेळ कापून जिमला दिली असती तर सरांचं म्हणणं माझ्या बाबतीत खरं ठरलं असतं.

हॉलमधली मुलं या विषयावर भांडताना हेवीवेट बॉक्सर अँथनी जोशुआचं नाव हमखास काढतात. जून २०१९ मध्ये तो ११२ किलोंचा पिळदार देह घेऊन उतरला आणि ढेरपोट्या अँडी रुइझने त्याला सातव्या राउंडला संपवला. डिसेंबरमध्ये तोच जोशुआ पावणेपाच किलो कमी करून आला, लांबून खेळला आणि पॉइंटवर जिंकला. "बघ, मसल उतरवला तेव्हा जिंकला!" पण दुसऱ्या वेळी रुइझ आणखी सात किलो वाढवून आला होता, हे कोणी सांगत नाही. मी उलट इव्हँडर होलीफिल्ड या बॉक्सरचं नाव काढते. ८६ किलोंच्या मर्यादेत खेळणारा हा माणूस आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया झालेल्या बॉडीबिल्डर ली हेनीच्या मदतीने अंग भरून हेवीवेटला आला, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये ९४ किलोंवर बस्टर डग्लसला पाडून विश्वविजेता झाला. त्याला मंद म्हणायची हिंमत कोणात नव्हती. अर्थात त्याला वजन वाढवायचंच होतं, मला नाही. आमच्या स्पर्धेत ज्या ज्या दिवशी बाउट, त्या त्या सकाळी काट्यावर वजन होतं. प्रोफेशनलसारखं आदल्या दिवशी पाणी तोडून रात्रभरात भरून काढायची सोय नाही.

माझं वजन सीझनभरात किलोभराने वाढलं, ते स्पर्धेच्या आधी रात्रीची पोळी कमी करून ५४ मध्ये बसलं. घरी आत्याने "खांदे बघ केवढे झालेत, लग्नात ब्लाऊज कुठून शिवायचा?" असं विचारून घेतलं, पण खांदे होते तेवढेच आहेत.

यंदाच्या निवड चाचणीत तीच मुलगी परत समोर आली. मी पंचांच्या ३-२ अशा मतांनी हरले. पण या वेळी ती मला दोरापर्यंत नेऊ शकली नाही, आणि दुसऱ्या राउंडमध्ये क्लिंचमधून (एकमेकींना धरून अडकलो असताना) मीच तिला फिरवून बाहेर आले. सरांनी उतरताना टॉवेल दिला आणि म्हणाले, "पाय बरे झाले तुझे. पळणं कामी आलं."

आता त्यांनी दोन सीनिअर मुलांना मॅडमकडे पाठवलंय, माझ्यासारख्याच अटींवर. ज्युनिअर पोरांनी आधी पन्नास जोर नीट मारून दाखवायचे, मग बोलायचं. बेंच प्रेसला (पाठीवर झोपून बार वर ढकलणं) मात्र अजून कोणालाच परवानगी नाही, आणि त्यावर मीही वाद घातलेला नाही.