तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमध्ये लाईनीत उभं राहून आम्ही काय घेतो

"प्रसादच ना तो? मग आम्हाला का नाही देत?" ऑफिसात, सोसायटीत, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आमच्याकडच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांकडून, कम्युनियनबद्दलचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत आम्ही लाईनीत जाऊन जी चकती घेतो तिच्याबद्दलचा, हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी जे डोळ्याला दिसतं ते सांगते. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स, यीस्ट नाही, मीठ नाही, साखर नाही, त्याची भाजलेली पातळ पांढरी चकती. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या सामुदायिक उपासनेत, फादर ती आणि द्राक्षारस वेदीवर घेतात आणि येशूचेच शब्द म्हणतात, हे माझं शरीर आहे, हे माझं रक्त आहे, आणि आम्ही कॅथलिक मानतो की त्यानंतर ती भाकर राहत नाही. दिसते तशीच, चवही तीच, पण तो स्वतः येशू असतो, खरोखरचा. प्रसाद म्हणालात तर मला राग येत नाही, आदरानेच म्हणता तुम्ही, पण आमच्या श्रद्धेत इथे देणारा आणि दिलेली वस्तू एकच आहे.

हे पचायला जड जातं हे मला माहितीये. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू माझं शरीर खा म्हणतो तेव्हा त्याचे स्वतःचे शिष्यच म्हणतात की हे ऐकवत नाही, आणि बरेच जण त्याला सोडून जातात. तो कोणालाही थांबवत नाही आणि आपला शब्दही मागे घेत नाही.

मग येशूची ती शेवटची रात्र. वल्हांडण ह्या यहुदी सणाचे दिवस, दुसऱ्या दिवशी क्रूस ठरलेला, आणि तो भाकर घेतो, मोडतो आणि देतो, म्हणतो माझ्या स्मरणार्थ हे करा. आता जेवायला कोण बसलंय बघा. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की त्याला पकडून देणाऱ्या यहूदा ह्या शिष्याचा हातही त्याच मेजावर होता, आणि पेत्र, तोही शिष्यच, जो कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणणार होता की मी ह्याला ओळखतच नाही. हे सगळं ठाऊक असून त्याने दिलं. म्हणून लाईनीत उभे राहणारे आम्ही काही चांगले आणि बाहेर बसलेले कमी, असं कोणी समजत असेल तर ते साफ चूक आहे. उलट कम्युनियन घ्यायच्या अगदी आधी आम्ही सगळे, फादरसकट, एक वाक्य म्हणतो, प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही. आणि हे वाक्य मुळात कोणाचं, तर एका रोमन लष्करी अधिकाऱ्याचं, जो येशूच्या लोकांतला नव्हताच. बाहेरच्या माणसाचे शब्द घेऊन आम्ही रोज वेदीपाशी जातो, हे मला फार मोलाचं वाटतं.

मी आजारी माणसांना घरी कम्युनियन नेऊन देते, आमच्याकडे सामान्य माणसांनाही ही सेवा दिली जाते. छोटी गोल डबी असते, ती गळ्यात अडकवायची आणि चर्चमधून थेट त्या घरी, वाटेत बाजारहाट नाही, गप्पा नाही. चरईत एक आंटी आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. टेबलावर पांढरा रुमाल, एक मेणबत्ती, टीव्ही बंद. त्यांना नीट गिळता येत नाही म्हणून मी चकतीचा अगदी कणभर तुकडा मोडते, जिभेवर ठेवते, मागून चमचाभर पाणी. त्यांना सांभाळायला कळव्याहून ज्या बाई येतात त्या एकदा म्हणाल्या, "ताई, एवढंसं तर असतं, ह्यानी पोटही भरत नाही, मग आंटी सकाळपासून दाराकडे का बघत बसतात?" मला कोणी विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. मी त्यांना म्हटलं, त्या खाण्याची वाट बघत नाहीत, त्या कोणी यायची वाट बघतात, आणि त्यांच्यासाठी तो त्या तुकड्यात येतो. त्या म्हणाल्या, "मग मेणबत्ती मीच लावत जाईन." तेव्हापासून त्याच लावतात.

आता दुसरी बाजू, जी आमच्यातलेही पुष्कळ जण विसरतात. कम्युनियन नुसतं माझं आणि देवाचं नाही. येशूचा प्रेषित पौल ह्याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला चांगलं झापलंय, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं पत्र आहे ते, की तुम्ही प्रभुभोजनाला जमता आणि एक जण उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, आणि हे प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर एक म्हणून आपण एक शरीर, असंही तोच लिहितो. म्हणजे जमिनीच्या वाटणीवरून कोर्टात भांडणारे दोन सख्खे भाऊ एकाच लाईनीत पुढेमागे उभे असतील (असतात, ठाण्यात जमिनीचे भाव बघता) तर त्यांनी आमेन म्हणायच्या आधी विचार करायला हवा. कम्युनियनच्या आधी शेजाऱ्याला हात जोडून शांती देतात ना, ते त्यासाठीच असतं, आणि माझ्या मते मिस्सातली सगळ्यात अवघड जागा तीच.

तर, तुम्हाला का नाही देत. फादर म्हणतात "ख्रिस्ताचे शरीर", आपण म्हणतो "आमेन". हो, मी हे मानते, आणि ह्या लोकांशी बांधली गेले. जे मानत नाही ते तुमच्याकडून वदवून घेणं हा तुमच्यावरच अन्याय होईल, एवढंच कारण. सोवळंओवळं ह्यात काही नाही. पण एक गोष्ट मला खरंच खुपते, की प्रोटेस्टंट भावंडांबरोबरही आम्ही सहसा एकत्र घेऊ शकत नाही. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली ह्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांचंही आपसात ह्याच "हे माझं शरीर आहे" वरून जुळलं नाही. माझी एक मैत्रीण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या प्रोटेस्टंट चर्चची आहे, बायबल आम्ही एकत्र वाचतो, दुःखात एकमेकींकडे धावतो, आणि वेदीपाशी आल्यावर वेगळ्या होतो. ही चर्चं एक व्हावीत म्हणून प्रार्थना करतो दोघी.

ख्रिसमसच्या रात्री मिस्साला यायचं असेल तर जरूर या. लाईनीत यावंसं वाटलं तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा, बहुतेक फादर त्यावरून समजतात आणि आशीर्वाद देतात. नाही यायचं तर जागेवर बसून राहा, कोणी वळून बघत नाही.