विषय ‘माती’, आणि रानातलं एक ढेकूळ

आम्हा चित्रकारांच्या समूहप्रदर्शनासाठी यंदा विषय ठरला ‘माती’. मी परभणीची, शेतकऱ्याची लेक, तरी पंधरा दिवस कागद कोराच राहिला. हातातून तेच ते उतरायचं: भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला माणूस, आभाळाकडे लागलेले डोळे. अशी चित्रं आमच्या रानावर अन्याय करतात असं मला मनापासून वाटतं. आमचं रान म्हणजे नुसतं दुःख नाही.

शेवटी मे महिन्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या वस्तीवर गेले. रान नुकतंच नांगरलेलं. एक ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं. फाळ घासून गेला ती बाजू गुळगुळीत, चकाकणारी, जवळजवळ निळसर. मोडलेली बाजू खरबरीत, राखाडी. अधूनमधून चुनखडीचे पांढरे खडे. तांब्यातलं थोडं पाणी ओतलं, तर ओला भाग बघता बघता काळाभोर झाला. आजवर ‘काळी माती’ म्हटलं की मी ट्यूबमधला काळा रंग लावून मोकळी होत होते!

पिशवीत माती भरताना आबा आले.
“कामून नेऊ लागलीस गं?”
“रंग करायचाय.”
“मग ही नको. खालच्या बांधाला गाळ बसतो, तिथली घे. बारीक असती.”
आणि स्वतःच खोरं घेऊन पुढं झाले. उताराची तांबूस मुरमाड मातीही त्यांनीच आणून दिली.

घरी माती कुटली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केली आणि रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात घोटली. पहिला हात कागदावर काय सुंदर बसला! दुपारपर्यंत वाळला आणि खपल्या निघाल्या. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात भुईला भेगा पडतात त्या यामुळेच.

तेव्हा अजिंठा आठवला. तिथल्या भिंतींना मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवत मिसळलेलं. मीही ज्वारीचा कडबा बारीक कुटून मातीत कालवला, कागदाऐवजी प्लायवूड घेतलं आणि पातळ पातळ थर दिले. आता थर धरून राहतो.

अजिंठ्याच्या चित्रकारांनाही विषय नेमून दिलेलेच होते, जातककथांचे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींचे. तरी 5व्या शतकातल्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून बघा: छतभर फळं, फुलं, कमळांतून धावणारा हत्ती. कथेतल्या राजाइतक्याच मायेनं रंगवलेलं. ते आठवलं आणि पोटातला गोळा गेला. मी अख्खी ‘माती’ काढायचं सोडून दिलं. तीन ढेकळं काढायला घेतली, खऱ्या मापाची, शेताच्या तीन कोपऱ्यांतली, त्या त्या जागच्या मातीनं.

काल आबांना दाखवलं. बराच वेळ उभे राहिले. मग मधल्या ढेकळाजवळ बोट नेऊन म्हणाले, “ह्याची कड चुकली. हे ओलीतलं हाय ना? ओल असली की असं टोकदार मोडत नसतंय, फाळाबरोबर वळतं.”

आज सकाळपासून तीच कड ओल्या कापडानं पुसून परत करतेय.