आढळल्यास दंड आकारण्यात येईल

कायद्याने सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची सभा नेमाने सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. गेल्या वर्षी मी तिथे दहा मिनिटं उशिरा पोचलो. जिना उतरत होतो तेव्हाच खालून टाळ्या ऐकू आल्या. पार्किंगमध्ये येऊन बघतो तर मी सेक्रेटरी झालेलो होतो.

कर्वेनगरातली 24 फ्लॅटची इमारत ती केवढी! हिंजवडीत माझ्या हाताखाली याहून जास्त माणसं आहेत. शिवाय कंपनीने मला तीनदा नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलंय, त्यातल्या एकदा तर लोणावळ्याला. त्यामुळे आधीचे सेक्रेटरी, तळमजल्यावरचे काका, यांनी किल्ल्यांचा जुडगा, रबरी शिक्का आणि जुन्या नोटिसांची फाइल हातात दिली तेव्हा मला त्यांची थोडी दयाच आली. मिलिटरी अकाउंट्समधून निवृत्त झालेला माणूस. सतरा वर्षं हे सगळं वहीत लिहून सांभाळलं. मी त्याच रात्री एक्सेल शीट उघडली.

पहिल्या महिन्यात मी अकरा नोटिसा लावल्या. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की...’ अशी सुरुवात आणि ‘आढळल्यास दंड आकारण्यात येईल’ असा शेवट. जिन्यातल्या चपला, गॅलरीतल्या कुंड्यांचं खाली गळणारं पाणी, पाहुण्यांच्या गाड्या, ओला-सुका कचरा. दंड कुणालाच झाला नाही, कारण तो आकारणार कोण हे नोटिशीत लिहिलेलंच नव्हतं.

ऑफिसात माझं ऐकतात हे खरं आहे. पण दर मार्चमध्ये मी त्यांच्या पगारवाढीच्या फॉर्मवर सही करतो, हेही खरं आहे. मग तेही माझ्याबद्दलच्या फॉर्मवर ‘खूप सपोर्टिव्ह’ असं लिहितात आणि मी ते घरी येऊन वाचून दाखवतो. सोसायटीत असा फॉर्म नसतो. इथला अभिप्राय जिन्यात मिळतो, तोही दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना. दोनशे दोनमधल्या वहिनी एकदा म्हणाल्या, “तुमच्या नोटिसा छान असतात हो. आमच्या बँकेच्या पत्रांसारख्या.”

कचऱ्याची नोटीस मी तीनदा लावली, तिसऱ्यांदा ठळक अक्षरांत. फरक शून्य. मग एका सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई फाटकाशीच थांबल्या. त्या ‘स्वच्छ’च्या. कचरावेचकांनी स्वतः चालवलेली ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून पुण्यात काम करते. ताईंनी एक पिशवी उघडून समोरच्याला दाखवली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “दादा, ही काच माझ्या हाताला लागती.” बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून चार मजल्यांचा कचरा वेगळा व्हायला लागला. म्हणजे सहकारी संस्थेच्या सभासद त्याही आणि मीही. पण त्यांच्या वाक्यात हात होता आणि तो कुणाचा हेही कळत होतं.

त्या रात्री मी काकांची फाइल पहिल्यांदा नीट वाचली. ‘उद्या टाकी धुणार. माणूस मी बोलावला आहे. सकाळी 7 ते 11 पाणी नाही. मी खालीच आहे, लागलं तर हाक मारा.’ दुसरी एक: ‘जिन्यातला बल्ब तिसऱ्यांदा गेला. मी स्वस्तातला आणला होता. आता चांगला आणतो.’ सगळ्या नोटिसा अशाच, कुठे ‘मी’, कुठे ‘आपण’. आता ‘आपण’ तर माझ्याही नोटिसांत होता! ‘आपण आपली वाहने नेमून दिलेल्या जागीच लावावीत.’ मराठीतला हा शब्द फार लबाड आहे. काकांच्या ‘आपण’मध्ये ते स्वतः धरलेले असायचे. माझ्या ‘आपण’चा अर्थ, इस्त्री केलेला का होईना, ‘तुम्ही’ एवढाच होता. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तू घरीही तसंच बोलतोस. ‘गॅस बंद करण्यात यावा’ एवढंच म्हणायचं राहिलंय.”

सोसायटीच्या कमिटीत राहून माणूस शहाणा होतो असं मात्र समजू नये. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 साली निघाली आणि 1890 मध्ये मतभेदांवरून टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. एवढ्या मोठ्या माणसांचं जिथे जमलं नाही, तिथे कुंड्यांवरून आमच्या खजिनदारांनी दोनदा राजीनामा दिला यात नवल ते काय! दोन्ही वेळा तो त्यांनी चहानंतर परत घेतला.

मग माझ्या हातून टाकीचा घोळ झाला. एक्सेलमध्ये टाकी धुण्याची तारीख आली ती एका बुधवारी. धुणारा आला आणि खालची, वरची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या करून चकचकीत धुऊन गेला. गुरुवारी शहराचं पाणी बंद असणार हे पेपरात दोन दिवस येत होतं. ते सगळ्यांनी वाचलं होतं, मीसुद्धा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून किती टीएमसी पाणी आहे, हे जुलैत कुणीही अर्ध्या झोपेत विचारलं तरी मी सांगतो. स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीचं मात्र लक्षात राहिलं नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाला पहिली बेल वाजली. दुपारी 10,000 लिटरचा टँकर येईपर्यंत मी घरात दिवाही लावला नाही.

संध्याकाळी खुलासा लिहायला बसलो. ‘काही अपरिहार्य कारणास्तव सभासदांची गैरसोय झाली...’ मागून मुलगी वाचत होती. “बाबा, अपरिहार्य म्हणजे तू का?”

कागद फाडला. दुसराही फाडला, कारण त्यात धुणाऱ्या माणसावर अर्धं वाक्य गेलं होतं. तिसऱ्यावर लिहिलं: ‘गुरुवारी पाणी नाही हे माहीत असूनही मी बुधवारी टाक्या धुवायला लावल्या. चूक माझी. टँकरचा खर्च मी देतो. दिलगीरी व्यक्त करतो.’ रात्री अकरानंतर, जिन्यात कुणी नाही असं बघून, खाली जाऊन लावला. स्वतःच्या नावाचा कागद बोर्डावर डकवताना पिन हाताला टोचली. सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच.

सकाळी ऑफिसला निघताना मी मुद्दाम लिफ्ट सोडून जिन्याने उतरलो. कुणी पाठ थोपटेल असं आत कुठेतरी वाटत असावं, नाही कशाला म्हणू? बोर्डापाशी कुणीच नव्हतं. नोटिशीवर मात्र लाल पेनाने एक गोल होता. ‘दिलगीरी’तल्या ‘गी’भोवती.

अक्षर न बघताही कळलं. काकांची बेल वाजवली. दार उघडून ते चष्मा पुसत उभे राहिले.

“दिलगीर लिहिलंस तर ‘गी’ दीर्घ. दिलगिरी लिहायची तर ऱ्हस्व. दोन्हीतलं एक काय ते ठरव.”

“मग काय लिहू?”

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, जरा विचार केला.

“शेवटचं वाक्य काढूनच टाक. आणि टँकरचे पैसे तू एकटा कशाला देतोस? सगळ्यांनी वापरलंय पाणी. चोवीसने भाग. पेन आण.”