कोथरूड ते हिंजवडी, रोज सायकलवर

कर्वे पुतळ्यापासून हिंजवडीचा शिवाजी चौक साधारण 18 किलोमीटर. चांदणी चौक, बावधन, पाषाण, बाणेर, राधा चौक, वाकड असा माझा रस्ता. आता आठवड्यातले बहुतेक दिवस मी सायकलनेच ऑफिसला जातो. ज्यांच्या मनात आहे पण अंतर ऐकूनच धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिली फेरी रविवारी सकाळी सहाला मारा. रस्ता रिकामा असतो, खड्डे आणि स्पीडब्रेकर नीट दिसतात, वळणं डोक्यात बसतात. चांदणी चौक तर मुद्दाम पाहून ठेवा. 2023 मध्ये नवा पूल आणि रॅम्प सुरू झाल्यापासून तिथली सगळी रचना बदलली आहे. चुकीच्या रॅम्पला लागलात की थेट हायवे.

नवख्याला खरं जड जातं ते एकाच दिवशी जाणं आणि येणं. नऊ तास काम करून पुन्हा 18 किलोमीटर म्हटलं की मन नको म्हणतं. त्यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे अर्धी फेरी. सकाळी सायकलने जा, सायकल ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवा आणि बसने घरी या. दुसऱ्या दिवशी बसने जा, संध्याकाळी सायकलने परत. शरीराला मध्ये अख्खी रात्र मिळते. दोन-तीन आठवडे असं केलं की पूर्ण फेरी आठवड्यातून एकदा, मग एक दिवस आड. सलग दोन दिवसांची घाई करू नका. पाय तयार वाटले तरी गुडघ्यांना वेळ लागतो. गुडघा पुढून दुखत असेल तर आधी सीटची उंची तपासा, बहुतेक वेळा ती कमी असते.

चढ दोन्ही वेळा आहे. जाताना पौड रोडचा, येताना बावधनहून चांदणी चौकाचा. संध्याकाळचा हा दुसरा चढ जास्त दमवतो, कारण पोट रिकामं असतं. निघण्यापूर्वी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खाच. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे परतताना बराचसा पाठीशी. त्याची मोठी मदत होते.

वाकडच्या अलीकडे मुळा नदीचा पूल आहे. तिथे मागून डंपर येत असला तर थांबून त्याला जाऊ द्या. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

कपडे सोमवारी एकदमच नेऊन ठेवतो. ऑफिसात शॉवर नसला तरी ओला टॉवेल आणि दहा मिनिटं पुरतात. पाठीवरच्या सॅकने पाठ भिजते, कॅरिअरला लावायची बॅग घ्या. सोबत जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) आणि छोटा पंप हवाच, आणि पंक्चर काढायला घरी शिकून घ्या. मागचा लाल दिवा दिवसाही लावा.

पावसाळ्यात मडगार्डशिवाय निघू नका. पावसातून आल्यावर चेन पुसून तेल द्यायचं, नाहीतर रात्रीत गंज धरतो. काँक्रीटच्या सांध्यांवरून आणि रंगवलेल्या पट्ट्यांवरून ओल्यात वळताना ब्रेक दाबू नका, वळायच्या आधीच वेग कमी करा. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी मी सरळ बसने जातो.