नदी सांगून येते, ओढा सांगत नाही

पुण्यात पावसाचा जोर वाढला की सगळ्यांचे लक्ष खडकवासला धरणाकडे लागते. किती क्युसेक सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला का, नदीपात्रातला रस्ता बंद झाला का, ही विचारपूस योग्यच आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी खडकवासल्यात येऊनच मुठा नदीत उतरते आणि विसर्गाचा आकडा सहसा आधी जाहीर होत असल्याने काठच्या माणसाला थोडा तरी अवधी मिळतो. ओढ्याच्या बाबतीत तो मिळत नाही, म्हणून मला अधिक काळजी वाटते ती ओढ्यांची.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा कात्रजकडून फुगून आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत घरांत पाणी शिरले, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसे दगावली. डोंगरउतारावर थोड्या वेळात कोसळलेला पाऊस, दोन्ही बाजूंनी आवळलेले ओढ्याचे पात्र आणि कचऱ्याने तुंबलेल्या मोऱ्या एवढे एकत्र आले की गुडघाभर पाणी छातीपर्यंत चढायला फार वेळ लागत नाही. म्हणून ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर कोणाकडे जायचे, आजी-आजोबांना आधी कोण नेणार, औषधे आणि कागदपत्रांची पिशवी कुठे ठेवायची, हे ऊन असतानाच ठरवून ठेवावे. पाणी वाढू लागल्यावर तळघरातील पार्किंगमधून गाडी काढायला मात्र कोणीही उतरू नये, कारण उतारावरून येणारे पाणी बाहेर पडण्याची वाटच अडवते.

रस्त्यावर वाहते पाणी असेल तर गाडी मागे वळवावी. वेगाने वाहणारे वीतभर पाणीही धडधाकट माणसाचा तोल घालवते आणि फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. शिवाय गढूळ पाण्याखाली चेंबरचे झाकण जागेवर आहे की नाही, हे दुचाकीस्वाराला दिसत नाही.

विजेबाबत तर मी घरात सर्वांना पुन्हापुन्हा बजावतो. २५ जुलै २०२४ रोजी डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुणांचा मृत्यू झाला. पाणी मीटरपर्यंत येण्याआधी, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. त्यासाठी पाण्यात पाय ठेवावा लागणार असेल तर त्या वाटेला न जाता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात उतरू नये.

वळवाच्या पावसात वाऱ्याचा धोका निराळा असतो. सतत खोदलेल्या आणि काँक्रीटने वेढलेल्या रस्त्यांकडेची झाडे मुळांशी कमकुवत झालेली असतात. पाऊस आला की झाडाखाली दुचाकी लावून थांबण्याची आपली सवय म्हणूनच घातक आहे. एप्रिल २०२३ मध्ये किवळे येथे वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या माणसांवर होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला. आडोसा पक्क्या इमारतीचाच घ्यावा. विजा चमकत असतील तर पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवते. गच्चीवरचे सुटे पत्रे आणि कठड्यावरच्या कुंड्या मात्र आपल्याच हातात आहेत. त्या वारा सुटण्याआधी आत घ्याव्यात.

एक गोष्ट सोसायट्यांच्या सभांमध्ये क्वचितच निघते. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. पावसाने भिंतीमागची माती पाणी पिऊन जड होते आणि भिंतीवरचा दाब वाढत जातो. भिंतीला तडा दिसला, ती फुगलेली वाटली किंवा पाणी निघण्यासाठी ठेवलेली छिद्रे बुजलेली आढळली तर पावसाळ्यापूर्वीच अभियंत्याला दाखवावे आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्यांनाही त्याची कल्पना द्यावी. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की सुरक्षारक्षक, तळमजल्यावर राहणारी कुटुंबे आणि शेजारच्या बांधकामावरील मजूर यांच्यासाठी क्लबहाऊस रात्रभर उघडे ठेवावे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे सूचनाफलकावर लिहून लावावे.