तुम्हाला काय, मामा!

मला आता पगाराची गरज उरलेली नाही. सोलापुरात विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं घर स्वतःचं आहे, मुलांची लग्नं उरकली, थोरला पुण्यात कंपनीत आहे आणि न मागता दर महिन्याला पैसे पाठवतो. बायकोनेही विड्या वळायचं सोडलं. मुलीचा फोनवर एकच धोशा असतो, ‘नाना, बस करा की आता. कुणासाठी करताय?’

यंत्रमागावर जॉबर म्हणून माझा उभा जन्म गेला. माग बिघडला की तो लावून देणारा तो जॉबर. घरी करमत नाही, असं मी मुलीला सांगायचो, आणि ते खरंही होतं. पण नुसतं करमत नाही म्हणून एखाद्या गरजूची जागा अडवून बसायचं, हे मनाला पटत नव्हतं. गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारनंतर मात्र माझं उत्तर बदललं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. वर पत्रे तापलेले. कोरड्या उन्हात सूत जास्त तुटतं, म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एक ताणा घट्ट, तो कापड धरून ठेवतो. दुसरा सैल, त्याचेच टॉवेलवर लूप उभे राहतात. सैल ताण्यातली तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की शेजारच्या तारांत गुंतते आणि धोट्याची वाट अडते. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं लाकूड, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे धावणारं. वाट अडली की तो उसळून मागाबाहेर पडतो.

त्या दुपारी तसाच उडाला. शेजारच्या मागावर वाकून तार जोडणाऱ्या पोराच्या कानाला घासून भिंतीवर आदळला, गिलाव्याचा टवका निघाला. पोराने कानाला हात लावला, बोटाला रक्त आलं. दोन बोटांचा फरक पडला असता तर डोळाच गेला असता.

पुढे जे घडलं ते मला जास्त लागलं. कुणी काही बोललंच नाही. बाकीचे माग खडखडत राहिले, पोराने कानाला रुमाल बांधला, आणि ज्याच्या मागावरून धोटा उडाला होता त्याने दुसरा धोटा घालून हँडलकडे हात नेला. त्यांना तरी काय बोलणार? मजुरी नगावर. माग थांबला की हप्त्याचा पगार घटतो. शिवाय बहुतेकांच्या अंगावर मालकाची उचल, कुणाची बहिणीच्या लग्नासाठी, कुणाची आईच्या ऑपरेशनसाठी. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही आणि मालकापुढे तोंडही उघडता येत नाही.

मी हँडलवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘बंद.’

पिकर काढून पाहिला. धोट्याला धक्का देणारा हा ठोकळा. धोट्याचं टोक एकाच जागी बसून बसून त्यात वाटोळा खळगा पडतो. इथे तो झिजून लांबट झाला होता, माझ्या करंगळीचं टोक आत हलत होतं. म्हणजे धोटा निघतानाच तिरका निघत होता, तुटलेली तार निमित्त झाली. मग एकेक माग बघत गेलो. अनेक पिकर असेच झिजलेले. धोटा उडू नये म्हणून आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीसमोर गार्डची सळई असते, ती तर एकाही मागावर नव्हती. तार भरताना हात अडतो म्हणून कामगारांनीच काढून ठेवलेल्या आणि मालकाने कधी विचारलेलं नाही. यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा हवा, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. कागदावरचं ते कलम मागापर्यंत पोचवायला कुणीतरी लागतं.

मालक धावत आले. माल पाठवायची तारीख जवळ आली होती. ‘पिकर मागवतो, तोवर चालू द्या,’ म्हणाले.

‘पिकर बदलल्याशिवाय आणि सळया बसल्याशिवाय मी एकही माग लावून देणार नाही.’

‘तुम्हाला काय, मामा! तुमचा पोरगा कमावतोय.’

रागात बोलले, पण बरोबर बोलले. माझी चूल त्यांच्या हातात नव्हती, म्हणूनच मला ‘बंद’ म्हणता आलं. त्या शेडमध्ये हा शब्द परवडणारा दुसरा माणूस नव्हता.

संध्याकाळी पिकर आले. सळया बसवण्यात पुढचे काही दिवस गेले. बंद काळाची मजुरी द्या म्हणून मी अडून बसलो, निम्मी मिळाली. एक विणकर माझ्यावर चिडला, ‘तुमचं भागतंय मामा, माझा आजचा रोज बुडाला.’ त्याचं खोटं नव्हतं. अजूनही तो माझ्याशी तुटकच बोलतो.

पुढच्या आठवड्यात मालकांनी बोलावून घेतलं. चहा मागवला. ‘मामा, तुम्हाला पैशाची गरज नाही. निम्म्या पगारात नुसती देखरेख करा, त्या नव्या जॉबरला मी काढतो.’ हा नवा जॉबर पंचविशीतला, घरी लहान मूल. मी निम्म्यात राबलो असतो तर त्याची भाकरी गेली असती, आणि उद्या बाकीच्या जॉबरांनाही ‘मामा तर इतक्यात करतात’ असं ऐकवलं गेलं असतं. मुलाचे पैसे येतात म्हणून माझ्या कामाचा दर कमी करायचा मला अधिकार नाही. मी स्पष्ट सांगितलं, येईन तेवढ्या वेळाचा पुरा दर घेईन, दुपारपर्यंतच थांबेन, आणि पोरगा कामावर राहील.

मालकांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं.

आता सकाळी तो नवा जॉबर माग खोलतो, मी शेजारी उभा राहतो. खळगा बोटाने कसा तपासायचा, धक्का लवकर बसतोय की उशिरा हे कसं ओळखायचं, ते त्याला दाखवतो. हात चांगला आहे त्याचा. पण बाळंतपणाच्या वेळची उचल अजून अंगावर आहे. परवा मुलीचा पुन्हा फोन आला, तेव्हा तिला हेच सांगितलं. त्या पोराची उचल फिटू दे, मालकासमोर त्याला ‘बंद’ म्हणता येऊ दे, मग मी घरी बसतो.